मायक्रोब्लेडिंग शिकायला किती दिवस लागतात?

मायक्रोब्लेडिंग म्हणजे बारीक सुयांच्या ब्लेडने भुवईच्या कातडीत केसांसारख्या रेघा ओढून रंग भरणं. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पार्लरवाल्या ताई फोनवर पहिलं हेच विचारतात: दोन दिवसांत होईल का? दोन दिवसांत साधन धरायला, भुवई मापून आखायला आणि रबरी शीटवर रेघा ओढायला येतं. पण काम केल्या दिवशी प्रत्येकच भुवई छान दिसते. 7 ते 10 दिवसांत खपली पडते, मग रंग उडाल्यासारखा वाटतो आणि खरा रंग 4 ते 6 आठवड्यांनी दिसतो. तोवर कोर्स संपलेला असेल, तर तुमची चूक तुम्हाला कळतच नाही. ती गिऱ्हाइकाला कळते.

चूक बहुतेक खोलीची. ब्लेड म्हणजे ओळीत बसवलेल्या बारीक सुया. रंग अगदी वर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो. जास्त खोल गेला तर रेघ पसरते, निळसर-राखाडी दिसते, व्रणही राहू शकतो. हा सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. शीट सगळीकडे सारखीच जाड असते, कातडी तशी नसते. त्यात कातडी ताणून धरणारा डावा हात जरा सैल पडला की रेघ नागमोडी जाते. खरं तर उजव्यापेक्षा हा ताण धरणारा हातच तयार व्हायला जास्त वेळ घेतो.

म्हणून आमचा कोर्स तीन महिन्यांचा, पण सलग नाही. पहिले 5 दिवस स्वच्छता, आखणी आणि शीट. मग तीन आठवडे घरी सराव. रोज एक शीट भरून फोटो पाठवायचा. त्यानंतर आमच्यासमोर 3 मॉडेल, म्हणजे सरावासाठी भुवया करून घेणाऱ्या बायका. प्रत्येकीला 6 ते 8 आठवड्यांनी टचअपला (उडालेल्या रेघा पुन्हा भरायला) बोलवून पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी धरायचा. रेघ कुठे उडाली, कुठे पसरली, ते तेव्हा दिसतं.

ब्लेड एकाच गिऱ्हाइकाला, एकदाच. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटीस बी ची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी अशी तीन डोसांत असते, तेव्हा नाव नोंदवायच्या आधीच सुरू करा. गरोदर बाई, जखमेचा व्रण फुगणारी कातडी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ताब्यात नसलेली शुगर, यांना थेट नाही म्हणायचं. डॉक्टर हो म्हणाले, तरच पुढचं बोलायचं. पॅच टेस्ट (आधी थोडा रंग कातडीवर लावून ॲलर्जी येते का ते पाहणं) सर्वांना.

उन्हाळ्यात मॉडेलवर काम आम्ही शक्यतो टाळतो. भुसावळात पारा 44 च्या वर गेला की घाम आणि धूळ ताज्या भुवईवर बसते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्न असलेल्या नवरीची पहिली बैठक माघातच उरकावी, म्हणजे टचअप होऊन खपलीही पडलेली असते.

मॉडेल तुम्हीच आणायच्या. तिघींपैकी एक तेलकट कातडीची हवी. तिच्या रेघा एकमेकींत मिसळतात, आणि अशा गिऱ्हाइकाला मशीनचं शेडिंग (रेघांऐवजी बारीक ठिपक्यांनी रंग भरणं) का सुचवायचं हे तिच्याच भुवईवर समजतं.