साके गरमच प्यायची असते का?

साके म्हणजे जपानची तांदळाची वाइन आणि ती गरमच प्यायची असते, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. यात खरं निम्मंच. मुळात तिची जातकुळी वाइनची नाही. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी ही बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं.

गरम की गार, हे बाटलीवरचा प्रकार वाचून ठरवावं. दाइगिंजो या प्रकारासाठी तांदळाचा दाणा घासून ५० टक्के किंवा त्याहूनही कमी उरवतात. एवढ्या खटाटोपातून आलेला फळांचा गंध तापवून उडवायचा? (दुर्दैवाने उडवतात!) ती थंडच बरी, सोबत साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप. जुनमाईचं, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेल्या साकेचं, बहुधा उलट: ४० ते ४५ अंशांना तिची तांदळाची चव खुलते. भाजलेला मासा किंवा मशरूम असतील तर ती कोमटच घ्यावी. थेट आचेवर मात्र नको. छोट्या सुरईत ओतून सुरई गरम पाण्यात उभी करायची.

चीनची शाओशिंगही तांदळाचीच, पण रंगाने तपकिरी. ती कोमट करून खेकड्यांबरोबर पितात.