एनबीएएस आणि एनबीओ: दिसायला सारखी, कामं वेगळी

एनबीएएस (नवजात वर्तन मूल्यमापन श्रेणी) आणि एनबीओ (नवजात वर्तन निरीक्षण) या नवजात बाळाचं वर्तन पाहण्याच्या दोन पद्धती. दोन्हींत टॉर्च, खुळखुळा आणि लाल चेंडू लागतो आणि दोन्हींचं मूळ अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांच्या कामात आहे. म्हणूनच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) या दोन्हींची गल्लत सहज होते.

एनबीएएस (१९७३) ही तपासणी आहे. वर्तनाच्या २८ बाबी, १८ प्रतिक्षिप्त क्रिया, वर्तनाला १ ते ९ गुण. अर्धा तास लागतो आणि गुण देणाऱ्याचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. एनबीओत १८ बाबी असतात, गुणांची बेरीज नसते आणि आई-बाबा शेजारी नसतील तर ते करण्यात अर्थच नाही. बाळाशी नातं जुळावं हा हेतू असेल, तर एनबीओच निवडा.

टॉर्चचंच बघा. झोपलेल्या बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांवर क्षणभर उजेड टाकायचा, थांबायचं, पुन्हा टाकायचा. एनबीएएसमध्ये कितव्या वेळी प्रतिसाद थांबला ते मोजतात. एनबीओत आईला विचारतात, "आता काय केलं त्याने?" आधी अंग दचकतं, मग फक्त पापणी हलते, मग काहीच नाही. बाळ आपली झोप स्वतः सांभाळतंय, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. प्रतिसाद थांबतच नसेल तर इन्क्युबेटरवर आच्छादन घाला, आवाज कमी करा. हा सल्ला त्याच क्षणी द्यायचा, तेव्हाच तो पटतो.

जागेपणी चेहरा २०-३० सेंटिमीटरवर धरा. आधी नुसता चेहरा, मग नुसता आवाज. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दोन्ही एकदम झेपत नाहीत. बोटं फाकवणं, उचकी, नजर फिरवणं, त्वचेवर ठिपके उमटणं, ही थकव्याची खूण. बऱ्याच आयांना नजर फिरवणं म्हणजे "मी त्याला नकोय" असं वाटतं. तो गैरसमज तिथेच दूर करा. मग थांबा, आईचा एक हात डोक्याला, एक पावलांना लावू द्या.

"पास झालं का?" असा प्रश्न आला, की समजा एनबीओचं रूपांतर परीक्षेत झालं. कागद बाजूला ठेवा आणि आधी त्यांना काय दिसलं ते विचारा.

डोळ्यांच्या तपासणीचे थेंब घातलेल्या दिवशी दोन्ही टाळा. बाहुल्या विस्फारलेल्या असतात, उजेड खुपतो. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला तर हात न लावता आई-बाबांसोबत नुसतं पाहायचं.