गोष्टीतल्या वेगळ्या मुलाची वाटचाल

लहान मुलांना गोष्टींतून शिकवण देण्याची रीत फार जुनी असली, तरी त्या शिकवणीत दयाभावाला आणि आपल्याहून वेगळ्या असणाऱ्याच्या स्वीकाराला जागा मिळाली ती बरीच उशिरा. पंचतंत्रात विष्णुशर्मा राजाच्या तीन मुलांना गोष्टी सांगून शहाणे करतो, पण ते शहाणपण मुख्यतः व्यवहाराचे आहे: मित्र कसा पारखावा, शत्रूच्या गोड बोलण्याला का भुलू नये, संकटात बुद्धी कशी शाबूत ठेवावी. सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात तिथून अरबीत गेला, तेव्हा हीच नीती दूरवर पोहोचली. इसापाच्या नावावर चालत आलेल्या गोष्टींचा कलही सावधगिरीकडेच आहे. तरीही पंचतंत्राच्या ‘मित्रसंप्राप्ती’ या भागात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची जमलेली मैत्री मला फार मोलाची वाटते, कारण तिथे कोणीही दुसऱ्यासारखा होत नाही आणि प्रत्येकाचे वेगळेपणच बाकीच्यांच्या उपयोगी पडते.

युरोपात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1693 मध्ये असे मांडले की, मुक्या जिवांना छळण्यात रमणारी मुले पुढे माणसांशीही निर्दयपणे वागू लागतात. त्यानंतरच्या शतकात याच विचाराच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या जाऊ लागल्या. सेरा ट्रिमर यांचे रॉबिन पक्ष्यांच्या कुटुंबाची कथा सांगणारे पुस्तक 1786 मध्ये निघाले. ही दया खरी होती, पण ती समर्थाने दुबळ्यावर करायची दया होती. समोरचा आपल्या बरोबरीचा आहे, ही जाणीव तीत नव्हती. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची 1843 मधील कुरूप पिल्लाची कथा हिणवल्या गेलेल्या जिवाचे दुःख मुलांच्या काळजाला भिडवते. मात्र ते पिल्लू मुळातच राजहंस निघाल्यामुळे त्याचा गौरव होतो, आणि ते बदकच राहिले असते तर काय, हा प्रश्न कथेत उपस्थितच होत नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न टाळता येईना. अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 आणि 1921 या दोन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांसाठी मासिक चालवले, ते त्या मुलांना स्वतःचे रूप छापील पानावर सन्मानाने दिसावे म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर येला लेपमान या ज्यू पत्रकार आपल्याला सोडाव्या लागलेल्या जर्मनीत परतल्या आणि 1946 मध्ये म्युनिकला त्यांनी अनेक देशांतील मुलांच्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवले. द्वेषाच्या शिकवणीत वाढलेल्या मुलांच्या हाती परक्या देशांतील मुलांच्या गोष्टी द्याव्यात, या त्यांच्या निष्ठेतूनच 1949 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आणि 1953 मध्ये झुरिकला मुलांच्या पुस्तकांसाठीचे आंतरराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. झुंजण्यापेक्षा फुलांचा वास घेत बसणे पसंत करणाऱ्या बैलाची गोष्ट त्यांनी स्वतः जर्मन भाषेत आणून मुलांपर्यंत पोहोचवली. ज्यांना नुकतेच लढणे हाच पराक्रम म्हणून शिकवले गेले होते, त्या मुलांसाठी ही निवड किती विचारपूर्वक केलेली होती, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी 1962 ते 1964 या काळातील 5,206 बालपुस्तके तपासली, तेव्हा त्यांपैकी केवळ 349 पुस्तकांत, म्हणजे 6.7 टक्क्यांत, एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने चर्चेचा रोखच बदलला, कारण गोष्ट काय उपदेश करते याच्या आधी गोष्टीत कोण आहे आणि कोण नाही, हे विचारले जाऊ लागले. पुढे 1990 मध्ये बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकाला आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते. आणि ज्याला नेहमी आरसेच मिळतात, त्याचेही नुकसानच होते. त्याआधीच, संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत, सर्व समूहांबद्दल समजूत आणि सहिष्णुता रुजवणे हे शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून नोंदले गेले होते.

अशा गोष्टींचा परिणाम खरोखर होतो का, याची पद्धतशीर तपासणी मात्र अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये लिंडसे कॅमेरॉन, अॅडम रटलंड आणि सहकाऱ्यांनी 5 ते 11 वर्षांच्या मुलांना त्यांच्यासारखीच मुले आणि निर्वासित मुले यांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचायला दिल्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, निर्वासितांबद्दलची मुलांची वृत्ती अधिक आपुलकीची झाली. 2017 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी 4 ते 6 वर्षांच्या मुलांना आपल्याजवळचे इतरांना वाटून देण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली, एका रूपात माणसे आणि दुसऱ्यात माणसांसारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःजवळचे स्टिकर अधिक वाटले, तर प्राण्यांच्या गोष्टीने तसा परिणाम साधला नाही. मात्र ज्या मुलांना त्या प्राण्यांत माणसाचे गुण दिसले, त्यांचे हात प्राण्यांची गोष्ट ऐकूनही अधिक मोकळे झाले.