किशोरांची कंबरदुखी मोजण्याची पार्श्वभूमी

कंबरदुखीचे मोजमाप दुखणाऱ्याच्या सांगण्यावरच अवलंबून असते, कारण एमआरआयमध्ये दिसणारे बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. उत्तर युरोपात १९८७ मध्ये कामगारांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात शरीराची आकृती देऊन मागील १२ महिने आणि मागील ७ दिवसांतल्या दुखण्याविषयी विचारले जाई. पुढे तीच शाळकरी मुलांनाही वापरली जाऊ लागली.

खरा वाद आहे तो कालावधीचा. ‘आजवर कधी कंबर दुखली आहे का?’ असे विचारणे सोपे, आणि त्यातून मोठा आकडाही हाती येतो. ब्रिटनमध्ये त्याच मुलांना वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारला असता, अकराव्या वर्षी सुमारे १२ टक्के असलेले प्रमाण पंधराव्या वर्षी ५० टक्क्यांवर गेले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासात मुले पूर्वीचे दुखणे अनेकदा विसरतात, असेही आढळले. तरीही ‘आजवर कधी’चे आकडे आजतागायत उद्धृत होतात, हे विशेष. त्याच देशात २००२ मध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांना केवळ मागील महिन्याविषयी विचारले, तेव्हा प्रमाण २४ टक्के निघाले.

२००८ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी एकमताने व्याख्या ठरवली: मागील चार आठवडे, आकृतीत छायांकित केलेली जागा, आणि एका दिवसाहून अधिक काळ नेहमीचे व्यवहार अडतील इतके दुखणे. ताप किंवा मासिक पाळीमुळे होणारी वेदना वगळली गेली. मात्र ही व्याख्या प्रौढांसाठी होती. परीक्षा तोंडावर आली असताना कंबर धरून क्लासला जाणारी दहावीची मुलगी तिच्यात बसत नाही, आणि पाळीमुळे दुखते की बसून, हे तिलाही दरवेळी सांगता येतेच असे नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांसह स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. किशोरांच्या वाट्याला बहुधा मोठ्यांचीच येते.

पुण्यात या विषयाची चर्चा दप्तरापासून सुरू होते. राज्य शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही हीच मर्यादा ठेवली. दप्तरामुळेच कंबर दुखते, याचा खात्रीलायक पुरावा मात्र २०१८ च्या एका व्यापक आढाव्यात सापडला नाही. वजनकाट्यावर दप्तर ठेवणे सोपे असते. दुखण्याचा प्रश्न नेमका कसा विचारला, हे मात्र बातमीत क्वचितच छापले जाते.