‘जळीत’ या शब्दाखाली काय काय जळालं

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्यामागे १९४४ साली मुंबईच्या गोदीत घडलेली दुर्घटना आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी होत्या, दारूगोळाही होता. आग लागली, स्फोट झाले आणि विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. मराठवाड्यात मात्र १४ एप्रिल म्हणजे भीमजयंती. त्या दिवशी बंब मिरवणुकीच्या बंदोबस्तात असतो आणि सप्ताहाची प्रात्यक्षिकं पुढच्या चार-पाच दिवसांत कुठल्यातरी मैदानावर उरकतात. पत्रकात असतं : लिफ्ट वापरू नका, जिन्यात सामान ठेवू नका. ज्या गावात लिफ्टच नाही तिथंही हेच पत्रक वाटलं जातं.

इथल्या घरच्या आगीची गोष्ट ‘जळीत’ या एका शब्दात अडकलेली आहे. तहसिलीत जळीत म्हणजे मालमत्ता. घर, गोठा, कडब्याची गंज, दावणीला बांधलेली जनावरं यांचा तलाठी पंचनामा करतो आणि कागद मदतीसाठी वर जातो. सरकारी दवाखान्यात जळीत म्हणजे माणूस, बहुतेक वेळा बाई, आणि तिचं मोजमाप भाजल्याच्या टक्क्यांत. पोलीस ठाण्यात तीच घटना ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून चढते. आग एक, वह्या तीन. त्यांचा ताळा कुणी जमवत बसत नाही. प्रबोधन करणाऱ्याच्या हाती जी वही लागली, तिच्यावरून त्याचं पत्रक ठरत आलं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. निजामाच्या अमलात आणि त्यानंतरही बरीच वर्षं खेड्यातलं बरं घर माळवदाचं होतं : दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशा घरात चुलीची ठिणगी उडाली तरी माती ती गिळायची. जळायची ती गरिबाची तुराट्यांच्या कुडाची खोली, तिच्यावरचं पाचटाचं छप्पर. कडब्याची गंज घरापासून लांब रचायची हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. गावठाण दाटत गेलं तशी ती अंगणात आली. ‘बंब’ म्हटलं की घरात आठवायचा तो न्हाणीतला, पाणी तापवायचा. आगीचा बंब शहरात, नगरपालिकेच्या दारात. खेड्यात आग विझवायची ती विहिरीवरच्या घागरींनी.

खरी गुंतागुंत रॉकेलच्या स्टोव्हपासून सुरू झाली, आणि या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे ती जाणूनबुजून.

पंपाचा स्टोव्ह शहरात आधी आला, मग तालुक्याला, मग खेड्यातल्या नोकरदाराच्या घरी. तो पेटवायचं एक तंत्र होतं. बर्नरखालच्या वाटीत रॉकेल जाळून आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. बर्नर पुरता तापला नाही तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर उसळायचं आणि पिवळा भडका उडायचा. छिद्र बुजलं की पिन मारायची, आणि घाईत ती पेटत्या स्टोव्हलाच मारली जायची. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्या तापमानापासून पुढं रॉकेलवर पेट घेण्याजोगी वाफ साचू शकते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं सावलीतला पारा ४२च्या वर जातो. त्यात रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असली तर विचारूच नका. अंगावर नायलॉनची साडी असेल तर ती नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. तेव्हा अपघात होत होते हे खरंच आहे, आणि ते कमी नव्हते.

पण ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्दांचं कारण पुढं नको तितकं सोयीचं झालं. सासरची माणसं तेच सांगायची, पंच त्यावर अंगठा किंवा सही द्यायचे, आणि प्रकरण अकस्मात मृत्यूत मिटायचं. १९८०च्या आसपास बायकांच्या संघटनांनी विचारायला सुरुवात केली, की भडका सुनेच्याच अंगावर का उडतो? सासू काय चूल सोडून बसली होती? त्यांचे प्रश्न साधे आणि नेमके होते. स्टोव्हची टाकी फुटली का? स्टोव्ह जप्त केला का? भाजल्याच्या खुणा समोरून वर गेलेल्या, की डोक्यावरून खाली ओघळलेल्या? दार आतून लावलेलं की बाहेरून? १९८३ साली कायदा बदलला. भारतीय दंड संहितेत नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं ४९८-अ आलं आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाची तरतूद झाली. १९८६ला हुंडाबळीचं ३०४-ब आलं. आता भारतीय न्याय संहितेत ही कलमं अनुक्रमे ८५ आणि ८० झाली आहेत.

वादग्रस्त निर्णय इथं आहे. आगीपासून बचावाचं प्रबोधन करणाऱ्यांनी या सगळ्यापासून अंग राखलं. ‘तो पोलिसांचा विषय, आमचा नाही’ अशी त्यांची भूमिका होती. पत्रकात पिन कशी मारावी, पदर कसा खोचावा, पेटलेल्या माणसाला गोधडीत कसं गुंडाळावं एवढंच राहिलं. त्यांच्या बाजूनंही बोलता येतं : सूचना चुकीच्या नव्हत्या, आणि बंबवाल्यानं घरात शिरून सासऱ्याला जाब विचारावा अशी अपेक्षा करता येत नाही. तरीही माझ्या मते ही चूक होती. पोलिसांच्या वहीतलं ‘भडका’ हे कारण खरं मानून त्यावर सुरक्षेचे धडे उभे राहिले, आणि ते सगळे धडे जळणाऱ्या बाईलाच उद्देशून होते : तू पदर सांभाळ, तू घाई करू नकोस. उलट्या बाजूनंही नुकसान झालं. कायद्यानंतर प्रत्येक भडक्याकडं संशयानं पाहिलं जाऊ लागलं आणि खरोखर स्टोव्हनंच भाजलेल्या बाईचा जबाबही घरच्यांनी पढवलेला ठरू लागला. मृत्युपूर्व जबाब कुणासमोर झाला, तेव्हा खोलीत कोण उभं होतं, यावर खटले फिरत राहिले.

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानं घराचाच आकार बदलला. माळवदाच्या मातीखाली माणसं गाडली गेली, आणि लातूर-उस्मानाबादेतच नाही तर आसपासही मातीच्या छताची धास्ती बसली. ज्यांना स्लॅब परवडला त्यांनी स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. भूकंपासाठी हे बरोबरच होतं. पण पत्रा तापतो, म्हणून त्याखाली थर्माकोल किंवा निवडणुकीतलं जुनं फ्लेक्स ताणलं जातं आणि वायरी त्यावरूनच फिरतात. ठिणगी गिळणारी माती गेली, तिच्या जागी वितळून खाली टपकणारं छत आलं. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या कुटुंबांना तर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडीच. तिच्यातच चूल, तिच्यातच निजलेली लेकरं.

२०१६च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅस खेड्यात पोचला आणि रेशनचं रॉकेल आटत गेलं. भडका हा शब्दही मागं पडला. सवयी मात्र चुलीच्याच राहिल्या. बसून स्वयंपाक करायचा म्हणून शेगडी जमिनीवर आणि शेजारी १४.२ किलोचं सिलिंडर. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो, आणि जाळ तिथंच. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी ही गोष्ट जोडणी देताना सांगितली जाते. ओटा बांधायचे पैसे कुणी देत नाही. पुढं बातमी येते ‘सिलिंडरचा स्फोट’. त्यातही अनेकदा सिलिंडर शाबूत असतं आणि पेटलेला असतो तो नळीतून गळून खोलीत साचलेला गॅस.

एकेकाळी ‘भडका’ जे काम करायचा ते आता ‘शॉर्टसर्किट’ करतं. पंचनामा लवकर बंद होतो आणि कुणावर येत नाही. फ्यूजमध्ये जाड तार कुणी घातली, एका बोर्डावर कूलर, फ्रिज आणि मोटार कुणी चढवली, ढिला न्यूट्रल किती दिवस तसाच होता, हे त्या शब्दाखाली गडप होतं.

राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६चा. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायची अट त्यात आहे. पण अशा नियमांचा रोख उंच इमारती, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्याकडं. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारत मोजायची ती १५ मीटरपासून. खाली दुकान, वर घर ही आमच्या बाजारपेठांतली जुनी रीत त्या मापाखालीच बसते.

३ एप्रिल २०२४ला पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात अशाच एका घरात सात माणसं गेली. आग खालच्या कपड्यांच्या दुकानात होती, कुटुंब वर झोपलेलं. चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीनं पेट घेतला की आणखी कशानं, यावर पुढं बरीच चर्चा झाली. ती माणसं मात्र जाळानं नाही, धुरानं गुदमरून गेली. त्यानंतरच्या पत्रकांत बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवू नका ही ओळ आली. वरच्या मजल्यावरून उतरायला दुकानाला वळसा घालणारा दुसरा रस्ता असावा, ही ओळ मी अजून कुठल्या पत्रकात पाहिलेली नाही.