धुतलं की जाईल? सेल्फ टॅनर आणि ब्रॉन्झरची गल्लत

चेहऱ्यासाठी एक स्वस्तातला टॅनिंग स्प्रे आणला होता. संध्याकाळी मारला आणि आरशात पाहिलं, तर चेहरा लगेच छान रापल्यासारखा दिसत होता. झोपण्याआधी तोंड धुतलं, तर बेसिनमध्ये सगळं तपकिरी पाणी. पैसे पाण्यात गेले म्हणत पुन्हा मारला, तोही आधीपेक्षा जास्त. सकाळी उठले तेव्हा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्याच. पुढचे चार-पाच दिवस कुठल्याही साबणाने त्यात फरक पडला नाही.

बाटलीत खोट नव्हती. बेसिनमध्ये वाहून गेला तो ब्रॉन्झर आणि चेहऱ्यावर मुक्कामाला राहिला तो सेल्फ टॅनर. दोघंही एकाच बाटलीतून आले होते, हे मला ठाऊक नव्हतं.

ब्रॉन्झरचं प्रकरण सरळ आहे. तो मेकअप आहे. आयर्न ऑक्साइडसारखी रंगद्रव्यं, चमक हवी असेल तर अभ्रक, कधी कॅरॅमलचा रंग. हे सगळं त्वचेवर बसतं आणि धुतलं की जातं. मारल्याक्षणी दिसतो तोच त्याचा रंग, नंतर तो गडद होत नाही.

सेल्फ टॅनर मारताना मात्र मूळ द्रव बिनरंगी असतो. त्यातला कामाचा घटक डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए. ही तीन कार्बन अणूंची एक साधी साखर आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची प्रक्रिया होते आणि तपकिरी संयुगं तयार होतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच हे, असं बऱ्याचदा सांगतात. ते चूक आहे; सफरचंदात ते काम विकरं (एन्झाइम) करतात. भाजताना पावाची कड तपकिरी होते, ती प्रक्रिया याच्या जवळची. लावल्यावर काही तासांनी येणारा बिस्किटासारखा वास याच प्रक्रियेचा.

डीएचएचा हा गुण चुकून सापडला. १९५०च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात इव्हा विटगेनस्टाईन ग्लायकोजेन (शरीरातली साठवणीची साखर) साठण्याच्या आजारात मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन पाहत होत्या. औषध अंगावर सांडलं की तिथली त्वचा काही तासांनी तपकिरी व्हायची. मग त्यांनी ते द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलं.

हा रंग दोन ते चार तासांत दिसू लागतो, पुरता चढायला बराच वेळ घेतो आणि साधारण पाच ते सात दिवस टिकतो. मृत पेशी झडतील तसा तोही उतरतो. चेहऱ्यावर तो अंगापेक्षा लवकर फिका पडतो; रेटिनॉल किंवा मृत पेशी काढणारी एक्सफोलिएटिंग आम्लं वापरणाऱ्यांचा तर आणखी लवकर.

मग एका बाटलीत दोन्ही कशाला? बिनरंगी द्रव कुठे लागला, कुठे राहिला हे कळत नाही. म्हणून त्यात थोडा ब्रॉन्झर घालतात. त्याला गाइड कलर म्हणतात. पहिल्या धुण्यात जातो तो हाच. त्यामुळे पाणी तपकिरी झालं म्हणून दुसरा हात मारू नका, सकाळपर्यंत थांबा. घेण्याआधी घटकांची यादी वाचा. डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन किंवा तशीच दुसरी साखर एरिथ्रुलोज असेल तर तो सेल्फ टॅनर, पुढे वेष्टनावर ‘ब्रॉन्झिंग मिस्ट’ असं कितीही ठळक लिहिलेलं असो. (एरिथ्रुलोजचा रंग आणखी सावकाश चढतो.) यातलं काहीच नसेल आणि नुसते आयर्न ऑक्साइडचे सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे क्रमांक असतील, तर तो ब्रॉन्झर.

आता स्वस्ताबद्दल. डीएचए महाग बाटलीतही तेच असतं, त्यामुळे स्वस्त स्प्रेला नाक मुरडायचं कारण नाही. माझी तक्रार नोझलबद्दल आहे. फवारा बारीक नसला की मोठे थेंब पडतात. ब्रॉन्झरचा थेंब बोटाने पुसता येतो. टॅनरचा थेंब रंध्रात बसला तर दुसऱ्या दिवशी ठिपका होऊन उगवतो. म्हणून चेहऱ्याचा स्प्रे असला तरी मी तो चेहऱ्यावर मारत नाही. मिटवर (टॅनर पसरवायच्या हातमोज्यावर) किंवा दाट ब्रशवर मारते आणि मग पसरवते. याला दुसरंही कारण आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची डीएचएला परवानगी फक्त बाहेरून लावण्यापुरती आहे, ते श्वासातून आत जाणं, ओठांना किंवा डोळ्यांच्या भागाला लागणं त्यात बसत नाही. थेट मारायचाच असेल तर डोळे-ओठ मिटा, श्वास रोखा.

भुवया, केसांची कड आणि नाकपुड्यांच्या बाजूची कोरडी त्वचा रंग जास्त ओढते. तिथे आधी थोडं मॉइश्चरायझर लावा, भुवयांवर व्हॅसलीन. हात लगेच धुवा, नाहीतर तळवे नारिंगी होतात. जबड्याखाली एक दिवस आधी चाचणी घ्या आणि मान विसरू नका (मी विसरले होते).

दोघांपैकी कुणीही उन्हापासून वाचवत नाही. ऊन लागून रापतो तेव्हा खालच्या जिवंत थरात मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं स्वतःचं रंगद्रव्य, वाढतं. डीएचए त्या थराला हात लावत नाही. चेहरा रापलेला दिसला तरी सनस्क्रीन लागतंच.

एका संध्याकाळपुरता रंग हवा असेल तर ब्रॉन्झर घ्या. आठवडाभर हवा असेल आणि उद्या कुठे महत्त्वाचं जायचं नसेल, तर टॅनर. जास्त गडद झालाच तर घासून साल काढू नका. कोमट पाणी, मऊ कापड, रोज थोडं थोडं. तोवर मानेलाही थोडा टॅनर लावून तिला चेहऱ्याच्या रंगावर आणता येतं. मी शेवटी तेच केलं.