सांडव्याची प्रतिकृती-चाचणी

धरणाच्या सांडव्याची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती बांधून, तिच्यावरून पाणी सोडून आराखडा पारखण्याची पद्धत. पूर सुरक्षित जाईल का, सांडव्याच्या पायथ्याशी नदीपात्र किती खचेल, दरवाजे कोणत्या क्रमाने उघडावेत, हे बांधकामाआधीच ठरवता येते.

सांडव्यावरचा प्रवाह मुख्यतः गुरुत्वाकर्षणावर चालतो, म्हणून प्रतिकृती आणि प्रत्यक्ष धरण यांचा फ्राउड अंक (प्रवाहाचा वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचे नाते सांगणारा आकडा) सारखा ठेवतात. 1:50 प्रमाण घेतले तर वेग सुमारे सातपट आणि विसर्ग तब्बल 17,678 पट कमी होतो. सेकंदाला 10,000 घनमीटरचा पूर प्रयोगशाळेत साधारण 566 लिटरवर येतो, आणि तासाभराचा पूर साडेआठ मिनिटांत आटोपतो. तरीही एवढे पाणी सतत फिरवायला मोठे पंप आणि ऐसपैस जागा लागते. महाराष्ट्रात हे काम पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र (स्थापना 1916) आणि नाशिकची ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्था करतात.

सांडव्याचा माथा, खांब आणि दरवाजे गुळगुळीत सिमेंट किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमध्ये घडवतात. खालच्या पात्रात वाळू-खडी भरतात. चाचणी संपली की पाणी अगदी सावकाश उतरवतात, नाहीतर पडलेला खड्डा विस्कटतो. मग त्याची खोली पॉइंट गेजने (टोकदार सळईच्या मोजपट्टीने) मोजतात. काही दरवाजे बंद ठेवून केलेल्या चाचण्या फार मोलाच्या असतात. असमान विसर्गात बाजूला भोवरे उठतात, ते भोवरे पात्रातले दगड शमनकुंडात (पाण्याचा जोर जिरवणाऱ्या पायथ्याच्या काँक्रीट कुंडात) ओढून आणतात आणि तिथे गरगरणारे दगड काँक्रीट झिजवतात.

प्रतिकृतीचे आकडे मात्र डोळे मिटून घेता येत नाहीत. पाणी लहान करता येते, वातावरणाचा दाब नाही. 1:50 प्रतिकृतीत पृष्ठभागावरच्या दाब मोजणाऱ्या नळीत उणे 20 सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला) दाब दिसला तरी पाणी बिनबोभाट वाहत राहते. प्रत्यक्षात तोच दाब उणे 10 मीटर, म्हणजे जवळजवळ निर्वात. तिथे पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना काँक्रीट पोखरतात. अमेरिकेतील ग्लेन कॅनियन धरणाच्या सांडवा-बोगद्यात 1983 च्या पुरात असाच सुमारे 10 मीटर खोल खड्डा पडला. नंतर काँक्रीट वाचावे म्हणून बोगद्यांत प्रवाहात हवा खेचणाऱ्या खाचा केल्या. प्रवाहात मिसळणारी हवाही प्रतिकृतीत प्रमाणापेक्षा कमीच दिसते, कारण पृष्ठताण प्रमाणानुसार घटत नाही.

आता सुरुवातीचे पर्याय संगणकावर तपासतात, पण मोठ्या सांडव्यांसाठी प्रतिकृती अजूनही बांधतात. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल धरणाचा सांडवा फुटल्यावर लोगन येथील युटा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याची 1:50 प्रतिकृती उभारली गेली. प्रत्यक्ष सांडव्यात पाणी काँक्रीटच्या भेगा-सांध्यांतून खाली शिरले होते आणि लाद्या उचलल्या गेल्या होत्या. अशा बिघाडासाठी लादीखालचा खडक, निचरा आणि सांधे वेगळे तपासावे लागतात. नेहमीच्या प्रतिकृतीत लादी अखंडच असते.